भिकनची पहिली रांग

‘हसवणारा रडवून गेला.’ भिकन गेला त्या दिवशी दुपारपर्यंत हे वाक्य माझ्या फोनवर इतक्यांदा येऊन पडलं, की शेवटी मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. कुणी खाली समई लावली होती, कुणी गुलाब. एका गावच्या मित्रमंडळाने तर त्याचा फोटो ढगांवर बसवून बाजूला दोन कबुतरं उडवली होती. भिकन असता तर त्याने त्या मंडळाच्या अध्यक्षांना आधी फोन करून कार्यक्रमाला बोलावलं असतं, अगदी समोर बसवलं असतं आणि मग त्या कबुतरांवर अर्धा तास काढला असता. माझा धाकटा भाऊ कुणाला रडवायला आला नव्हता आणि कुणाला रडवून गेलेलाही नाही. मी रडले, नाही असं नाही. पण ते माझं मी बघून घेईन. त्याच्या नावावर ते कुणी चढवू नये, एवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे.

तो गेला माझ्याच घरी, जळगावात, मेहरूणमध्ये, सकाळच्या वेळी. मी त्याच्यासाठी मुगाची पातळ खिचडी गॅसवर ठेवून खोलीत डोकावले, तर खिडकीकडे तोंड करून पडलेला. मी म्हटलं, उठ रे, तोंड धू... आणि तेव्हाच कळलं. आजार यकृताचा होता. यकृत म्हटलं की समोरच्या माणसाच्या भुवया जराशा हलतात, हे मी गेल्या वर्षभरात पुष्कळ पाहिलं. भिकनने जन्मात दारूला हात लावला नाही. हे मी मुद्दाम छापून घेते आहे, कारण सांत्वनाला येऊन सरबत पिता पिता “कलाकार माणूस, चालायचंच” म्हणणारे दोघे-तिघे मी दारातून परत पाठवले आहेत, आणि उरलेल्यांना तेवढे कष्ट पडू नयेत. त्याला स्वतःला मात्र याचं काही वाटत नसे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा हा त्यांना म्हणाला, “साहेब, न पिता एवढं झालं, तर पिणाऱ्यांना काय मिळतं?” डॉक्टर हसले आणि मग हसलो म्हणून ओशाळले. पुढच्या वेळेपासून ते त्याची वाट पाहायला लागले, असं तिथल्या सिस्टरने मला सांगितलं.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्यापासून फार लांब नाही. माझ्या पाठची दोन भावंडं तान्हेपणीच गेली. म्हणून याचं नाव भिकन, देवाकडून भीक मागून आणलेला. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ आहेत, त्यात कुणाला काही वाटत नाही. शहरात मात्र वाटतं. धुळ्याला कॉलेजात गेल्यावर पोरांनी त्याला सुचवलं, की नाव बदल, राहुल वगैरे कर. तो म्हणाला, “आईने मागून आणलं ते मी टाकून कसं देऊ?” पुढे पत्रिकेत, बॅनरवर, तिकिटावर त्याने आडनावही लावलं नाही. नुसतं ‘भिकन’. मला तो अक्का म्हणायचा, म्हणून त्याचे श्रोतेही मला अक्का म्हणू लागले. माझ्यापेक्षा वयाने थोरली माणसंसुद्धा. त्याची मी काय काय होते याचा हिशेब कुणी मागू नये. मी विमा विकते. पॉलिसीच्या कामाने धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे मला पायाखालचे, आणि गाडी माझी. त्याचा कार्यक्रम असेल त्या गावाला मी माझी कामं लावून घ्यायची आणि सकाळीच दोघांनी निघायचं. “मनी अक्का मरन ईकस, मी हासनं ईकस,” तो लोकांना सांगायचा, “आमना घरमा बठ्ठं मिळस.” बठ्ठं म्हणजे सगळं.

लोक त्याला स्टँडअप कॉमेडियन म्हणायचे. तो स्वतः म्हणायचा, मी उभ्याने बोलतो. ते बोलणं सुरू झालं रिक्षात. कॉलेज अर्धवट सोडल्यावर तो भोंगा लावलेल्या रिक्षातून जाहिराती पुकारत गावोगाव फिरायचा. साड्यांचा सेल, सर्कस, दातांचा डॉक्टर येणार, असलं काहीबाही. मालकाने लिहून दिलेलं वाचायचं, एवढंच काम. पण लिहिलेलं वाचलं की कुणी घराबाहेर येत नाही, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. एका गावात हँडपंपावर बायका पाणी भरत होत्या आणि पंप करकरत होता. याने भोंग्यावरून सांगितलं, की गावच्या पंपाला सर्दी झालेली आहे, दातांचा डॉक्टर येतोच आहे तर त्यालाही दाखवून घ्या. बायका खो खो हसल्या, दोन गल्ल्यांतली माणसं बाहेर आली आणि रिक्षाभोवती जमली. तेव्हापासून त्याला एक गोष्ट पक्की कळली, की माणसाला विनोद नको असतो, त्याला त्याच्या स्वतःच्या गावावरचा विनोद हवा असतो. पुढे गणपतीतले कार्यक्रम, गॅदरिंगं, मग स्वतःचे तिकिटाचे कार्यक्रम. पण त्याने सगळीकडे चालेल असा एक कार्यक्रम कधी बांधलाच नाही. पिंपळनेरचा पिंपळनेरला, साक्रीचा साक्रीला. धुळ्याच्या बाजूला तो अहिराणीत बोलायचा, जळगावच्या पूर्वेकडच्या गावांत तिथल्या धाटणीने, शहरात शुद्ध. एकदा बोललेलं दुसऱ्या गावात काढायचं नाही.

आता हे रोज नवीन आणायचं कुठून, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. आणायचं गावातूनच. सकाळी गावात पोचलो की तो आधी चौकात उतरायचा आणि फ्लेक्स वाचायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, ते चार मजली फ्लेक्स. लोक त्यांच्या खालून जातात आणि वर बघतही नाहीत. हा कमरेवर हात ठेवून पुस्तकासारखे वाचायचा. गेल्या वेळी वरच्या ओळीत कोण होतं, आता खालच्या ओळीत कोण सरकलं, कुणाचा फोटो मोठा झाला, कुणी चष्मा बदलला, शुभेच्छुकांत कुणाचं नाव गळालं. मग चहाच्या गाडीवर जाऊन विचारायचा, “भाऊ, तो गॉगलवाला कोन शे? मांगे ते त्या दुसऱ्या फ्लेक्सवर व्हता ना?” पुढचं चहावाला सांगायचा. चहावाला थांबला की भाजीबाजार, भाजीबाजार झाला की कटिंगचं दुकान. केस असोत नसोत, भिकन गावोगावी डोकं भादरून घ्यायचा. दुपारपर्यंत माझ्या दोन पॉलिसी झालेल्या असायच्या आणि त्याचं अख्खं गाव झालेलं असायचं.

आणि मग त्याचं खरं काम सुरू व्हायचं. ज्याच्या ज्याच्यावर बोलायचं, त्याच्या त्याच्या घरी किंवा दुकानात जायचं. परवानगी मागायला नव्हे, आमंत्रण द्यायला. “संध्याकाळी तुमच्यावर बोलणार आहे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.” बस, एवढंच. तो माणूस आला आणि पहिल्या रांगेत बसला, तर विनोद व्हायचा. नाही आला तर तो विनोद तिथेच मरायचा. कितीही चांगला असो. मी त्याला कितीदा तरी म्हटलं, अरे, केवढं छान होतं ते, घ्यायचं होतंस. तो म्हणायचा, “ज्याना त्याना तोंडवर, अक्का. पाठमांगे ते कोनी बी बोलस.” गावातली गोष्ट गावातच, ज्याची त्याच्या तोंडावर, हा त्याचा नियम. म्हणून कार्यक्रमाआधी तो फोन खिशात ठेवा म्हणून हात जोडायचा, म्हणून इंटरनेटवर त्याचं काही सापडत नाही. आता मला फोन येतात, की अक्का, एखादी क्लिप आहे का, निदान त्याचे दहा गाजलेले विनोद लिहून द्या, पुरवणीत चौकट करू. चौकट होणार नाही. ही पुरवणी दोन्ही जिल्ह्यांत जाते. धुळ्याचा विनोद जळगावकरांनी चहाबरोबर वाचावा, यासाठी त्याने आयुष्यभर खुर्च्या मांडल्या नव्हत्या.

माझ्यावरचे मात्र सांगू शकते, कारण ते माझे आहेत. जळगावच्या कार्यक्रमात मी हमखास पहिल्या रांगेत आणि हमखास त्याच्या तावडीत. “आमच्या अक्काने आजवर एवढ्यांचे विमे उतरवले, पण तिचं मुख्य काम गाडी चालवणं. तिच्या शेजारी बसलेला माणूस उतरल्या उतरल्या स्वतःहून पॉलिसी मागतो.” माझ्या भरिताबद्दल म्हणायचा, की तिखट इतकं असतं, की पाहुणे रडत रडत म्हणतात आम्हाला तुमची फार आठवण येते, आणि अजून तर ते जायचे असतात. लोक माझ्याकडे बघून हसायचे आणि मी त्यांच्याकडे बघून. त्या हसण्यात कुणी लहान होत नाही, उलट मला तर आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. ते मी बसून पाहिलं आहे, म्हणून सांगते. गावोगावी पुढे पुढे असं झालं, की भिकन आपल्यावर बोलला नाही म्हणून माणसं रुसायला लागली. एका सरपंचबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, माझ्यात काहीच नाही का हो हसण्यासारखं?

मधे एकदा एका कंपनीचे साहेब त्याला भेटायला माझ्या घरी आले. कार्यक्रम पुण्यात करू, चित्रित करू, तासाभराचा एकच पक्का संच बसवा, बोली जरा सैल करा, नाव जरा... असं ते म्हणत होते. भिकनने त्यांना भरीत-भाकरी खायला घातली. मग म्हणाला, “साहेब, पुण्याच्या माणसाला मी पिंपळनेरच्या चौकाचं काय सांगू? आणि मी ते पुण्यात सांगून आलो हे पिंपळनेरला कळलं, तर उद्या तिथला चहावाला माझ्याशी बोलेल का?” साहेब म्हणाले, तुम्ही फार मोठी संधी घालवताय. हा म्हणाला, “घालवतोय कुठे? मी तिथेच आहे.” ती संधी त्याने घेतली असती तर तो आज केवढा झाला असता, हे आता त्याच्या दहाव्याला जेवायला आलेल्या लोकांनी मला ऐकवलं. तो जेवढा होता तेवढा मला पुरेसा होता, आणि ज्या गावांत तो उभा राहिला त्या गावांनाही. एवढंच माझं उत्तर आहे.

आता त्या एका गावाचं सांगायचं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, कारण तोच नियम. त्याचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम तिथे झाला होता आणि सगळ्या गावांत ते गाव त्याचं जरा जास्तच लाडकं होतं. तिथे एक जुने पुढारी आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. करारी, पांढरा सदरा, कुणी समोर मोठ्याने बोलत नाही असे. गेल्या वर्षी भिकनने त्यांना खुर्ची दिली, ते आले, पहिल्या रांगेत मध्यावर बसले आणि भिकन त्यांच्यावर बोलला. मी नानांच्या मागेच होते. ते टोपी काढून डोळे पुसत होते, इतके हसले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी याच्या पाठीवर थाप मारली ती मला ऐकू आली.

पण कुणीतरी ते फोनवर घेतलं होतं. आठवड्याभरात ते शेजारच्या तालुक्यात पोचलं, कुणी त्यावर गाण्याची चाल चढवली, कुणी नानांच्या तोंडाला गाढवाचे कान लावले. गावात हसले ते हसणं वेगळं होतं. ते नानांना समोर बसवून, त्यांच्यासकट होतं. बाहेर जे झालं ते नानांवर झालं. एका लग्नात वऱ्हाडातल्या पोरांनी ते मोठ्या पडद्यावर लावलं आणि नाना मांडवातून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे कार्यकर्ते माझ्या दारात. भिकनने कॅमेऱ्यासमोर माफी मागावी, तो विनोद मागे घ्यावा, नाहीतर त्या गावात त्याने पाय ठेवायचा नाही. भिकन म्हणाला, “गावाच्या बाहेर गेलं त्याची माफी आज मागतो, नानांसमोर मागतो. विनोदाची मागणार नाही. नाना स्वतः हसले आहेत त्याला.” ते त्यांना चाललं नाही. कॅमेऱ्याशिवाय त्यांना काही चालत नव्हतं. मग एकेक ठिकाणचा हॉल अचानक दुरुस्तीला निघायला लागला. ज्या गावांनी रुसवे धरले होते त्याच गावांतून निरोप यायचे, की यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष त्याला कितपत आहे हे तेव्हा आम्हा दोघांनाच माहीत होतं, कारण रिपोर्ट त्याच महिन्यात आला होता.

ते कुणी बाहेर पाठवलं, हे मला कळलं ते नानांच्या लेकीकडून. ती दुसऱ्या तालुक्यात दिलेली, तिची पॉलिसी माझ्याकडे. एका दुपारी तिचा फोन आला आणि ती नुसती हुंदके देत राहिली. तिनेच ते फोनवर घेतलं होतं, आणि तिनेच सासरच्या मंडळींना पाठवलं होतं. कशासाठी? अभिमानाने. आमचे नाना एवढे मोठे, की भिकन खास त्यांच्यावर बोलला, हे सासरी कळावं म्हणून. आमच्याकडच्या माणसांखेरीज ही चूक कुणी केलीच नसती. तिच्या सासरी त्यावर काय काय झालं हे मी लिहीत नाही. “नानांना सांगू नका अक्का, मी मरून जाईन,” ती म्हणत होती. मी भिकनला गाडीत सांगितलं. मला वाटलं, सुटलो. आता नुसतं नाव घेतलं की सगळं मिटतं, सगळी गावं उघडतात. मी म्हटलं, “सांगी टाक ना रे एकदाव!” तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, “ती पोरगी समोर शे का आठे? नही ना. मंग कसं सांगू?” मी त्याच्यावर इतकी भडकले, की गाडी बाजूला घेऊन थांबवली. तुला दिवस किती राहिले, तू कुणासाठी हे... आणि जे तोंडाला आलं ते. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, की तुझं बोलणं बरोबर आहे, कारण तू माझ्या तोंडावर बोलते आहेस. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

त्याला शेवटी एकच हवं होतं. त्याच गावात, त्याच हॉलमध्ये, नानांसमोर जायचं. बाकी गावं उघडोत न उघडोत. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. त्याने मला गाडी काढायला लावली. थंडी सरत आली होती, कपाशी निघून गेली होती, शेतं मोकळी. नाना ओसरीवर झोक्यावर बसले होते. भिकनचे गाल बसलेले, डोळे पिवळे झालेले. नानांनी त्याला ओळखलं, पण त्यांना तो पाहवला नाही. मान वळवूनच त्यांनी कशाला आलास ते विचारलं, “कसाले उना?”

“तुमले हासाडाले नही उनू नाना. बठू का?”

नानांनी खुर्चीकडे बोट केलं. भिकन बसला, जरा दम घेतला आणि म्हणाला, “माफी मांगस. पन हासाडं तेनी नही. गावना बाहेर गयं तेनी.”

“कोनी धाडं बाहेर?”

भिकन काहीच बोलला नाही. मी जमिनीकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, “नाना, एकच मांगनं शे. आते तुमी उभा ऱ्हा. मनावर, या भिकनवर बोला. मी पहिली रांगमा बठसू.”

“मी काय नकला करनारा शे का?” नाना उखडले आणि उठून आत गेले. झालं. परतीच्या वाटेवर मला वाटलं, हा आता खचणार. हा तर खुशीत. म्हणाला, “अक्का, ते नही म्हनले नहीत.” खरंच, नाही म्हणाले नव्हते. पण आम्ही निघाल्यावर नानांनी लेकीला फोन करून सहज सांगितलं, की तो आला होता, पार वाळून गेला आहे, आणि कुणी पाठवलं ते विचारलं तर गप्प बसला. लेक त्याच संध्याकाळी माहेरी आली आणि तिने नानांच्या समोर बसून सगळं सांगितलं. तिच्या तोंडून ऐकल्यावर नाना काय म्हणाले हे तिने मला सांगितलं आहे, पण ते त्यांच्या घरातलं आहे. हे एवढं लिहायला मात्र तिनेच सांगितलं. “लिहा अक्का, मला आता कुणाची भीती नाही,” म्हणाली.

दोन दिवसांनी भिकनच्या फोनवर नाना. “बोलसू. पन माले टाइम लागी. तुनाबद्दल माले काय म्हाईत शे?” पाडव्यानंतरचा रविवार ठरला. तोच हॉल. भिकनने ते शेवटचे आठवडे त्या रविवारावर काढले. इंजेक्शनं, सलाईन, सगळं मुकाट्याने करून घ्यायचा आणि डॉक्टरांना विचारायचा, तासभर खुर्चीत बसता येईल ना? नुसतं बसायचं आहे, बोलायचं काहीच नाही. कोणता शर्ट घालायचा यावर माझ्याशी वाद घातला. इतकी वर्षं तो समोरच्यांना खुर्ची देत आला होता, त्याला स्वतःला कुणी कधी दिली नव्हती. रविवार आला नाही. बुधवारी सकाळी तो गेला, आणि मला राग आला तो याचाच आला. देवावर, यकृतावर, दुरुस्तीला निघालेल्या सगळ्या हॉलवर. चार दिवस. चार दिवस थांबायला काय हरकत होती?

अंगणात तिरडी बांधून झाली होती. माणसं जमली होती, बायका रडत होत्या, समईवाले आणि कबुतरवालेही आलेले. तेवढ्यात रिक्षातून नाना उतरले, लेक बरोबर. गर्दी आपोआप दुभंगली. नाना भिकनच्या पायांशी गेले नाहीत, फूल वाहिलं नाही. थेट तोंडासमोर जाऊन उभे राहिले, टोपी सारखी केली, घसा खाकरला.

“भिकन,” ते म्हणाले, “तुना गावले जाई उनू. बठ्ठा गावले इचारं. कोनीच तुनं नाव काढं नही. एक म्हातारी म्हने, भिकन का? तो मुका पोऱ्या? तो बोलाले लागना का मंग?”

आणि मी हसले. पोट धरून, भिंतीचा आधार घेऊन हसले, कारण ते शंभर टक्के खरं होतं. शाळेत जाईपर्यंत हा पोरगा एक शब्द बोलत नव्हता. आई त्याला घेऊन देव-देव करत फिरली होती, आणि अख्खं गाव त्याला मुका समजायचं. माझ्याशिवाय हे आता गावातल्या चार म्हाताऱ्यांनाच माहीत होतं. नाना भर उन्हात आमच्या गावात घरोघर हिंडले होते, ओट्याओट्यावर बसले होते, थेट भिकनसारखे. आमचे एक चुलते पुढे झाले, म्हणाले, नाना, ही वेळ आहे का? नाना त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. “आते समोर शे. मंग कोठून आनू याले?” एवढंच म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. चांगलं बरंच बोलले. मधे एकदा थांबले, पाणी मागितलं, परत बोलले. आधी लेक हसली, मग शेजारची बाई, मग तोंडावर पदर आणि उपरणी घेऊन सगळं अंगण. काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. ज्याचं होतं त्याच्या तोंडावर बोललं गेलं. माझा भाऊ त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. हसताना कुणी बघितलं तर लोक काय म्हणतील, अशी ज्यांना भीती होती ती माणसं मागच्या मागे निघून गेली. बरं झालं, तेवढी जागा झाली.

तेरावं झालं आणि नानांचा फोन आला. त्या रविवारचा हॉल पुढच्या रविवारवर ढकलून घेतला आहे, सोडायचा की ठेवायचा? मी विचारलं, आता तुम्ही बोलणार कुणावर? आणि मीच पुढे म्हटलं, माझ्यावर बोला. मी येते, माझी खुर्ची ठेवा. नातेवाइकांत यावर बरीच कुजबुज चालली आहे. वर्ष व्हायचं आहे, बाईला काही लाजलज्जा... चालू द्या. ज्यांना हे म्हणायचं आहे त्यांनी यावं आणि माझ्या तोंडावर म्हणावं, मी बसलेली असेन. येत्या रविवारी संध्याकाळी जायचं आहे. गाडी धुऊन ठेवली आहे.

काल सकाळी मेहरूणच्या बाजारात वांगी घेत होते. नेहमीची भाजीवाली माझ्याकडे बघून उगाचच हसायला लागली. म्हणाली, परवा पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा आले होते. आधी चौकातला फ्लेक्स बघत उभे राहिले होते बराच वेळ, मग तिच्याजवळ बसून चहा घेतला आणि माझीच चौकशी करत होते. समोरच्या कटिंगच्या दुकानातही जाऊन आले म्हणे. मी पिशवी खाली ठेवली. विचारलं, “मग तू काय सांगितलंस त्यांना?”

तिने वांगी तागडीत टाकली, वर न बघता म्हणाली, “ते तठेच आयका अक्का. मी बी येस रविवारले.”